भावात काटकसर, मापात नाही

"ताई, कमीत कमी किती कापडात बसेल?" पडदे शिवून घ्यायला येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हे विचारते, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. कापड हवं तेवढं स्वस्तातलं आणा, पण लागेल तेवढं आणा. भाव कमी करता येतो, घेर कमी करता येत नाही. जुहूत राहून घरच्या घरी पडदे शिवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. जुहू-पार्ले स्कीममधल्या मोठ्या दिवाणखान्यांत माझ्या हातचे पडदे लागले आहेत, तसेच नेहरूनगरातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतही. दोन्हीकडे एकच गोष्ट पटत गेली. महागातलं कापड ताणून लावलं तर खिडकी गरीब दिसते, आणि साधा मांजरपाट मोकळ्या हाताने लावला तर तीच खिडकी भरल्यासारखी दिसते.

याचं कारण चुण्यांत आहे. कापड दांडीवर सपाट पसरलं की त्याचा पोत, त्याची वीण, त्याचा स्वस्तपणा सगळा उघडा पडतो. चुण्या पडल्या की उजेड प्रत्येक चुणीच्या एका अंगावर येतो आणि दुसरं अंग सावलीत राहतं. एका रंगाच्या कापडात दोन-तीन छटा दिसू लागतात. ही किमया विणकराची नाही, मापाची आहे. मध्यम जाडीच्या सुती कापडाला दांडीच्या रुंदीच्या दुप्पट घेर लागतो, पातळ झिरझिरीत कापडाला अडीचपट, आणि अस्तर लावलेल्या जाड कापडाला दीडपटही चालतो. म्हणजे कापड जितकं हलकं, तितकं ते जास्त घ्यायला हवं. नेमकं इथेच लोक उलट करतात. स्वस्तातलं आहे, पडदाच तर आहे, असं म्हणून पातळ कापड मोजून-मापून घेतात आणि मग त्या कापडालाच नावं ठेवतात.

जुहूच्या खिडक्यांना पडद्याची गरज जास्त आहे, तिचीही कारणं आहेत. आमचा किनारा पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन समोरून थेट घरात शिरतं आणि सूर्य बुडेपर्यंत हटत नाही. शिवाय इथे विमानतळ आहे. 1928 साली सुरू झालेला, 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले तो. त्याच्या आसपास इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली, म्हणून आमच्याकडे उंच टॉवर कमी आणि ठेंगण्या इमारती एकमेकींना खेटून. या घरातला टीव्ही त्या घरातून दिसतो. वस्तीत तर गल्लीतून जाणाऱ्याचा खांदा खिडकीच्या गजांना घासतो. बंगल्यात पडदा शोभेसाठी असेल, एका खोलीच्या घरात तो भिंतीचं काम करतो.

शिवण मी आईकडून शिकले. कापड ओळखायला शिकले ते जुहूच्या एसएनडीटीच्या आवारात. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिल्यावर त्याला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं, हे सगळ्यांना माहीत असतं. ठाकरसी कापड गिरण्यांचे मालक होते, हे मात्र तिथे कापडाचे धडे गिरवताना मला जास्त जवळचं वाटायचं. मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडाच्या पैशातून बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयात मुली कापडाचा उभा-आडवा धागा शिकल्या. तिथे शिकलेली एक परीक्षा मी आजही रोज करते. कापडाचा एक धागा उपसायचा आणि काडीने पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी राखाडी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी हा मणी खोटं बोलत नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या वर खिडकी असेल तर ही परीक्षा केल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, कारण वितळलेलं पॉलिस्टर हातावर पडलं तर चिकटून बसतं.

आता मापाकडे येते, कारण खरी बचत तिथल्या हिशेबात आहे. खिडकी चार फूट रुंद असेल तर दांडी चार फुटांची घेऊ नये. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीवर न्यावी, म्हणजे पडदा सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते, उजेड अडत नाही आणि खिडकीही मोठी दिसते. झाली साठ इंच दांडी. दुप्पट घेर म्हणजे एकशेवीस इंच. बाजारात साध्या सुती कापडाचा पन्ना पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. तीन पन्ने जोडले की जोड आणि कडेच्या दुमडी जाऊन नेमका तेवढा घेर मिळतो. तयार लांबी चोपन्न इंच धरली तर वर नेफ्याला चार आणि खाली दुहेरी दुमडीला आठ, असे सहासष्ट इंच कापायचे. तीन पन्न्यांचे एकशे अठ्ठ्याण्णव इंच, म्हणजे पाच मीटर. सुती कापड आटतं, म्हणून साडेपाच मीटर घ्यायचं. डाव्या-उजव्या दोन पाटांत वाटताना प्रत्येकाला दीड पन्ना येतो. तो अर्धा पन्ना नेहमी भिंतीकडच्या बाजूला जोडायचा, म्हणजे जोड चुणीत लपतो आणि मधल्या कडेला अख्खं कापड येतं. खालची दुमड चार इंचांची दुहेरीच हवी. तिच्या वजनाने पडदा सरळ लोंबतो. एक इंचाची दुमड घालून वाचवलेलं कापड पडद्याचं सगळं अंग घालवतं.

मांजरपाट हे माझं आवडतं कापड. न धुतलेला, न रंगवलेला, किंचित पिवळसर आणि मध्येच काळा-तपकिरी कण दिसणारा. तो कण सरकीच्या टरफलाचा असतो, त्याला डाग समजू नये. नव्या मांजरपाटाला कांजी असते, त्यामुळे तो हाताला पुठ्ठ्यासारखा लागतो आणि लोक नाक मुरडतात. तो रात्रभर पाण्यात भिजत घालावा, सकाळी दोन-तीन पाण्यांतून काढावा, सावलीत वाळवावा आणि दमट असतानाच इस्त्री करावी. मग त्याचा हात बदलतो. पश्चिमेच्या खिडकीला तो लावला की दुपारचं पांढरं, डोळ्यांवर येणारं ऊन गाळून सायीच्या रंगाचं होऊन घरात येतं. याच कामासाठी लोक आयात केलेलं लिनन घेतात. त्या पैशांत मांजरपाटाने अख्ख्या घराच्या खिडक्या होतात.

इर्ल्याच्या आणि सांताक्रूझच्या बाजारात कापड मिळतं, पण बरंच लागणार असेल तर मी पार्ल्याहून लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरते आणि मंगलदास मार्केट गाठते. तिथे ताक्याच्या शेवटचे तुकडे कमी भावात निघतात. घेताना एकच पथ्य पाळायचं, एका खिडकीचे सगळे पन्ने एकाच ताक्यातले हवेत. दोन ताक्यांतला रंगाचा फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, खिडकीत उजेडासमोर टांगला की लगेच कळतो.

वरच्या हिशेबात साडेपाच मीटर आले, ते वाचून बायकांच्या मनात जे येतं तेच माझ्याही मनात आलं होतं. सहावारी साडीची लांबी तेवढीच असते. जुनी सुती साडी धुऊन-धुऊन आटून झालेली असते, म्हणजे ती आणखी आटण्याची भीती नाही. तीन सारखे तुकडे काढले की दीड फूट पदर उरतो, त्यात पडदे बांधायचे दोन पट्टे होतात. उभे पन्ने जोडल्यावर साडीचे काठ पडद्यात वरून खाली रेघांसारखे उतरतात, वेगळी सजावट करावी लागत नाही. दुसरी रीत त्याहून सोपी. स्वयंपाकघराची खिडकी कमी उंचीची असते, तिला साडी आडवीच लावायची. पन्ना हीच पडद्याची उंची. वरचा काठ दुमडून नेफा केला, खालचा काठ जसाच्या तसा झालर म्हणून सोडला, की एक टाका न उसवता आणि खाली दुमड न घालता पडदा तयार.

जुहू कोळीवाड्यातल्या एका आजींचं लुगडं मी असं लावलं. चौकडीचं, वापरून-वापरून गालाला लावावंसं मऊ झालेलं. नऊ वार कापड मधोमध कापलं की साडेचार-साडेचार वारांचे दोन भाग होतात, म्हणजे एका लुगड्यात दोन खिडक्या आणि तेही अडीचपटीच्या वर घेर. आजींना वाटत होतं, फाटायला आलेलं कापड कशाला शिवतेस? मी ते उजेडासमोर धरून त्यांना दाखवलं. लुगडं विरलं होतं ते बसण्याच्या जागी आणि काष्ट्याच्या घडीत, बाकी सूत धड होतं. विरलेल्या भागामागे आतून त्याच लुगड्याची पट्टी लावली, ती चुणीत गेली. खिडकीतून खाऱ्या वाऱ्याबरोबर ते कापड हलायला लागलं तेव्हा आजी म्हणाल्या, "माझ्या आयशीच्या खोलीला असाच होता गो." मला या कामात मिळालेल्या पावत्यांत ही सगळ्यात मोठी.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे नाही म्हणते. रेशमी साडी, लग्नातली असो की आईची, पश्चिमेच्या खिडकीला लावू नये. रेशमाला ऊन सोसत नाही, उन्हाने त्याचा धागा आतून कुजतो आणि एक दिवस चुणीवर उभा चिरतो. लावायचीच असेल तर मागे सुती अस्तर हवं, आणि खिडकी उत्तरेची हवी.

बंगल्यांत काम करणाऱ्या बायका मालकिणीने दिलेले जुने पडदे घेऊन माझ्याकडे येतात. हे कापड भारी असतं, नऊ-नऊ फूट लांब, अस्तर लावलेलं. ते सोडवायला मला मनापासून आवडतं. आधी अस्तर बघायचं, कारण ऊन ते खातं आणि मूळ कापड वाचवतं. मग खिडकीकडची कड आणि चुण्यांच्या पुढे आलेल्या धारा तपासायच्या. कापड दोन अंगठ्यांत धरून ताणायचं, फाटलं तर तेवढी पट्टी काढून टाकायची. खालची दुमड उसवली की आत नव्या रंगाचं कापड सापडतं, त्याचे पट्टे, गोंडे, उशीचे अभ्रे होतात. नऊ फुटांच्या एका पाटातून वस्तीतल्या खोलीचा दाराचा पडदा निघतो आणि वर खिडकीपुरतं उरतं.

अशाच एका मावशींनी पडदा आणला आणि म्हणाल्या, पोरगी दहावीला आहे, खिडकीशी अभ्यासाला बसते, येणारे-जाणारे डोकावतात. म्हणून त्या खिडकी बंद ठेवत आणि पोरगी दिवसा दिवा लावून वाचत होती. पूर्ण पडदा लावला असता तर अंधार तसाच राहिला असता. मी खिडकीच्या मध्यावर दांडी बसवली आणि खालच्या अर्ध्या भागालाच पडदा केला. बसलेल्या मुलीचं डोकं पडद्याआड, आणि वरच्या अर्ध्या खिडकीतून आकाश आणि वारा आत. जुन्या घरांत क्रोशाचे अर्धे पडदे असायचे ते याच हिशेबाने. त्या पडद्याला मी पूर्ण दुप्पट घेर दिला. मावशी म्हणाल्या, एवढ्याशा खिडकीला एवढं कापड? मी म्हटलं, वारा आला की कमी घेराचा पडदा फडकून उघडतो. चुण्यांचा पडदा हलतो पण फाकत नाही. मुलीला दर दोन मिनिटांनी पडदा ओढायला लागू नये, एवढ्यासाठी ते कापड आहे.

समुद्राजवळच्या घरांत शिवणीइतकंच लक्ष लोखंडाकडे द्यावं लागतं. साधी लोखंडी दांडी खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि गंजाचा डाग नेफ्याच्या पांढऱ्या कापडावर उतरतो. डाग पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवला की बराचसा निघतो. मुळात दांडी स्टेनलेस स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची घ्यावी. सगळ्यात स्वस्त म्हणजे विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप, नेफ्यात गेला की दिसतही नाही. चार फुटांच्या पुढे तो मध्ये वाकतो, म्हणून मध्यभागी एक ब्रॅकेट द्यायचं. खिडकीच्या दोन टोकांना हुक ठोकून ताणलेली प्लॅस्टिकची स्प्रिंग घरोघरी दिसते, पण तिला लवकरच झोल पडतो आणि पडदा मध्ये लोंबून दोन्हीकडे वर चढतो. आयलेट लावायचे तर प्लॅस्टिकचे, आणि त्यांच्यामागे बकरमची कडक पट्टी हवीच, नाहीतर भोकं ओघळतात.

पावसाळ्याचा वेगळा विचार करायचा. मृग लागायच्या आत जाड सुती पडदे उतरवून, धुऊन, कडक वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून बांधून ठेवावेत. नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा घरात आणतो, सुती कापड दिवसेंदिवस वाळत नाही आणि खालच्या दुमडीत बुरशीचे काळे ठिपके बसतात, ते मग जात नाहीत. त्या चार महिन्यांना पातळ पॉलिस्टरचे साधे पडदे उत्तम, ओले झाले तरी पंख्याखाली वाळतात. गॅसपाशी ज्याला मी हात लावू देत नाही, तेच कापड पावसात कामाला येतं. नवरात्राच्या साफसफाईत पुन्हा सुती पडदे चढवायचे.

सजावटीसाठी विकतच्या लेस लागत नाहीत. भेंडी आडवी कापून फॅब्रिक कलरमध्ये बुडवून मांजरपाटावर ठसे मारले की पाच-सहा पाकळ्यांची फुलं उमटतात. रंग दिवसभर वाळू द्यायचा आणि मग उलट बाजूने गरम इस्त्री फिरवायची, तो पक्का होतो. हळदीने रंगवायचा मोह मात्र टाळावा, हळद उन्हाला टिकत नाही. चहाच्या पाण्याचा बदामी रंग तिच्यापेक्षा बरा. जुन्या धातूच्या बांगड्या पडद्याच्या कड्या म्हणून छान दिसतात. लग्नपत्रिकांच्या लांब निमुळत्या पट्ट्या कापून, सेफ्टी पिनेभोवती गुंडाळून केलेल्या मण्यांच्या माळा दारात शोभतात. खिडकीत लावायच्या तर वर व्हार्निशचा हात द्यावा, नाहीतर खारी हवा कागद मऊ करते. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत वजन म्हणून मी चार आण्याची नाणी शिवते. 2011 च्या जूनअखेर ती चलनातून गेली, पण ती स्टीलची असल्याने गंजत नाहीत. कोपरा जागच्या जागी राहतो.

कामाचे पैसे मी पन्न्यामागे घेते. मांजरपाटाच्या पन्न्याला आणि हजार रुपये मीटरच्या पन्न्याला माझी शिलाई एकच असते, कारण सुई दोन्हींतून तेवढ्याच वेळा जाते आणि दुमडही दोन्हींना चार इंचांचीच घालावी लागते. वस्तीतल्या बाईला स्वस्तात करून द्यायचं म्हणून टाके लांब घालणं मला कधी पटलं नाही. तिचा पडदा जास्त ओढला जातो, जास्त धुतला जातो, त्यालाच पक्की शिवण लागते. ज्यांना मजुरी परवडत नाही त्यांना मी माप घ्यायला शिकवते, कात्री मारून देते आणि सरळ शिवण त्यांनी घरी घालावी असं सांगते. पडद्यात सरळ शिवणीपलीकडे फारसं काही नसतं. ज्या बाईने मशीनवर कधी पिशवी शिवली आहे, तिला पडदा येतोच.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते. पडदा स्वस्त करायला जागा पुष्कळ आहेत. जुनी साडी आहे, ताक्याचं टोक आहे, कुणी उतरवलेला पडदा आहे, वायरिंगचा पाइप आहे. या सगळ्यांतून पैसे वाचवा. पण कमी पैशांच्या घरात राहणाऱ्या माणसांना कमी मापाचं चालतं, असं मनात धरून कात्री उचलू नका. आणि स्वतः शिवत असाल तर आपल्या मजुरीचा आकडा वहीत लिहा, घरच्यांसाठी शिवलं तरी लिहा. पैसे हातात येवोत न येवोत, त्या पडद्याची खरी किंमत किती हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं.